वायफाय जोडले जाते, इंटरनेट येत नाही : शिर्डीतील विद्यार्थ्यांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, अहिल्यानगर.

विषय : शिर्डी येथे सार्वजनिक वायफायला लॅपटॉप जोडला जाऊनही इंटरनेट मिळत नसल्याबाबत चौकशी होऊन दुरुस्तीचे आदेश मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, आम्ही खाली सह्या करणारे शिर्डी (ता. राहाता) येथील अभ्यासिकेत बसणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार व त्यांचे पालक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

अभ्यासिकेत जी लाइन दिली आहे तिच्यावरच बाहेरच्या आवारातले भाविकांसाठीचे मोफत वायफायही चालते. लॅपटॉप उघडला की वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, पासवर्ड घेतला जातो, आणि खाली ‘नो इंटरनेट’ असे येते. तक्रार केली की सेवा पुरवठादाराचे फोनवरचे कर्मचारी विचारतात, राऊटरच्या डब्यावरची लाइट हिरवी आहे का? आहे म्हटले की, मग लाइन चालू आहे, राऊटर बंद करून परत लावा. तसे केल्यावर तासभर इंटरनेट येते, तेवढ्यात तक्रार निकाली काढल्याचा मेसेज येतो, आणि सायंकाळी परत तेच. आमची मुख्य हरकत इथेच आहे. लाइट हिरवी आहे याचा अर्थ विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर संकेतस्थळ उघडते असा होत नाही. वायफाय फक्त लॅपटॉपपासून राऊटरपर्यंत असते. घरातला नळ नवा आहे म्हणून टाकीत पाणी आहे असे कोणी धरून चालत नाही.

हे नेमके कधी होते याची नोंद आम्ही सात आठवडे एका वहीत ठेवली. सोमवार-मंगळवारी त्रास कमी. गुरुवारी दुपारनंतर जवळजवळ नेहमी. गुरुवारी शिर्डीत काय असते ते आपणांस सांगायला नको. रात्री पालखी द्वारकामाईतून चावडीकडे जाते आणि त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. आधी आम्हालाही वाटले की गर्दीमुळे इंटरनेट हळू होत असेल. पण हळू होणे वेगळे आणि अजिबात न येणे वेगळे. आमच्यातल्या पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका मुलाने लॅपटॉपवरच्या आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा टाईप करून पाहिली. मंगळवारी त्याच्या लॅपटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळालेला होता. गुरुवारी त्याच जागी बसून पाहिले तर १६९.२५४ ने सुरू होणारा. हा दुसरा पत्ता राऊटरने दिलेला नसतो. राऊटर पत्ता देईना, म्हणून लॅपटॉपने स्वतःच स्वतःला लावून घेतलेला असतो, आणि त्यावर बाहेरचे काहीही उघडत नाही.

राऊटर पत्ता का देत नाही, याचे कारण साधे आहे. अशा नेहमीच्या मांडणीत एकूण २५४ पत्ते असतात. एक राऊटरचा स्वतःचा, उरले २५३. प्रत्येक फोनला जोडताक्षणी एक पत्ता मिळतो, फोनवाल्याने वायफायचा ओटीपी टाकला नाही तरी मिळतो. आमच्या राऊटरवर हा पत्ता २४ तासांसाठी राखून ठेवला जातो. गावातल्या माणसासाठी हे ठीक आहे. पण इथला भाविक दर्शन घेतो, प्रसादालयात जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघतो. तो मनमाडला पोचला तरी त्याचा पत्ता शिर्डीत अडकलेलाच राहतो. दुपारपर्यंत २५३ जागा भरतात, त्यानंतर आलेल्या विद्यार्थ्याला ‘नो इंटरनेट’. राऊटर बंद-चालू केल्यावर ही यादी पुसली जाते, म्हणून तेवढा वेळ चालते. ज्याला दुरुस्ती म्हणून नोंदवले जाते ते इतकेच आहे.

याचे परिणाम आम्ही भोगतो आहोत. आमच्या एका मैत्रिणीला अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेरीचा पर्याय अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस गुरुवारीच आला. अभ्यासिकेत चार तास प्रयत्न करून ती लॅपटॉप घेऊन वडिलांच्या हार-प्रसादाच्या दुकानात गेली. पेढ्यांच्या खोक्यांवर लॅपटॉप ठेवून वडिलांच्या फोनचा हॉटस्पॉट लावला. गिऱ्हाईक पैसे पाठवले म्हणून दाखवत होते आणि वडिलांना आपल्या फोनवर खात्री करता येत नव्हती, तरी त्यांनी फोन तिच्याकडून परत मागितला नाही. अर्ज रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी गेला. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे आणि लोकसेवा आयोगाचे अर्ज भरतानाही अनेकांनी हेच सोसले आहे. ज्यांच्या घरी लाइन आहे त्यांचे निभावते. लॉजवर काम करणाऱ्यांच्या, हार विकणाऱ्यांच्या मुलांना अभ्यासिकेशिवाय दुसरी जागा नाही.

सगळा दोष लाइनचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. दोन जुन्या लॅपटॉपांची आतली बॅटरी संपलेली निघाली. त्यांवरची तारीख काही वर्षे मागे गेली होती, त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे त्यांवर उघडत नव्हती. तारीख नीट केल्यावर दोन्ही चालू झाले. आणखी एकावर कोणीतरी डीएनएसचा आकडा हाताने भरून ठेवला होता, तो काढून टाकल्यावर काम झाले. ही माहिती भिंतीवर मराठीत लावली असती तर त्या मुलांचे दिवस वाया गेले नसते.

वहीत गुरुवार नसतानाही तीन दिवस पूर्ण बंद नोंदले आहेत. त्या दिवशी डब्यावरची लाइट लाल होती, म्हणजे केबलच तुटलेली होती. तिन्ही वेळा जवळपास जेसीबीचे काम चालू होते.

तरी आमच्या मागण्या अशा आहेत.

अभ्यासिकेची लाइन आणि भाविकांचे वायफाय यांचे जाळे वेगळे करावे. भाविकांच्या जाळ्यात पत्ता राखण्याची मुदत २४ तासांवरून अर्ध्या तासावर आणावी आणि पत्त्यांची संख्या वाढवावी. सबनेट मास्क २५५.२५५.२५२.० केल्यास १,०२२ पत्ते मिळतात. जोडणी शेकडो फोन पेलणारी हवी, घरगुती डबा तिथे पुरणार नाही, तो बदलावा लागला तर तो खर्च मंजूर व्हावा. मुदत बदलायला मात्र एक पैसाही लागत नाही, त्यामुळे ते काम आठवड्याच्या आत व्हावे, असा आमचा आग्रह आहे.

तक्रार निकाली काढण्यापूर्वी अभ्यासिकेतल्या लॅपटॉपवर संकेतस्थळ उघडून दाखवावे आणि तिथल्या विद्यार्थ्याची सही घ्यावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण विनियमांत तक्रारीला क्रमांक देण्याची आणि अपिलाची तरतूद आहे. आम्हाला आजवर एकदाही क्रमांक मिळालेला नाही. पुरवठादाराशी असलेल्या करारात सेवा ‘चालू’ कशाला म्हणायचे हे लिहिले जावे, आणि ते लाइटवरून ठरू नये. बिलही त्याच नोंदीवर अदा व्हावे.

खोदकामाबाबत केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले आहे. खोदण्याआधी जमिनीखाली कोणाची केबल आहे हे त्यावर विचारता येते. शिर्डीत रस्ता, गटार वा पाण्याच्या लाइनचे काम करणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला त्यावर आधी कळवणे बंधनकारक करावे. केबल तुटल्यास जोडण्याची वेळमर्यादा ठरवावी.

अभ्यासिकेत मराठीत एक फलक लावावा : तारीख-वेळ तपासा, वायफाय विसरून परत जोडा, पत्ता १६९.२५४ आहे का पाहा, लाल लाइट दिसल्यास या क्रमांकावर कळवा. मजकूर आम्ही तयार करून देऊ.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. त्या काळात भाविक शिर्डीलाही येणार, आणि प्रवेशाचे अर्जही त्याच महिन्यांत असणार. सध्या दर गुरुवारी जे होते ते तेव्हा रोज होईल. त्यामुळे जाळे वेगळे करण्याचे काम त्याआधी पूर्ण व्हावे.

आपल्या प्रतिनिधीने एखाद्या गुरुवारी सायंकाळी पाच वाजता अभ्यासिकेत यावे व लॅपटॉप स्वतः जोडून पाहावा, ही विनंती. आम्ही त्या वेळी तिथे असू. सात आठवड्यांच्या नोंदींच्या वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपले नम्र,
अभ्यासिकेतील विद्यार्थी व पालक, शिर्डी
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी : मा. उपविभागीय अधिकारी, शिर्डी, मा. तहसीलदार, राहाता.