गाडी, प्रतिष्ठा आणि चाळीसगावचा टांगा



मागच्या रविवारी विहारात बुद्धवंदना आटोपली आणि मी बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एका निवृत्त शिक्षिकेने मला थांबविले. सगळी वस्ती त्यांना बाई म्हणते, मीही म्हणतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जन्मभर एसटीच्या आगारात पाना धरला. आमच्या घरात गाडीवरून तीन दिवस अबोला आहे. तेवढा सोडवून द्या."

प्रकरण असे होते. मुलगा बँकेत, सून परिचारिका, दोन नातवंडे, स्वतः बाई आणि बाईंच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, असे सहा जणांचे घर. मुलाला हवी होती टर्बो पेट्रोल इंजिनाची मोठी गाडी, तीही छताला काच असलेली. बाईंच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे आगाऊ भरायचे आणि बाकीचे सात वर्षांचे कर्ज काढायचे. बाईंना ते पटत नव्हते. सुनेचा प्रश्न वेगळाच होता. "आजी बसणार कुठे, आणि चढणार कशा?" या प्रश्नाला उत्तर न देता मुलगा रंग कोणता घ्यायचा ते सांगत होता!

वाचकहो, हा प्रश्न आज पुसदमधल्या आपल्या अनेक घरांत आहे. म्हणून या खेपेला तोच विषय घेतो.

आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात, "गाडी कशाला? ही चंगळ आहे." मला तसे वाटत नाही. आपल्या समाजाचे आणि वाहनाचे नाते इतरांसारखे नाही. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावा-भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन एक बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना भाडे देऊनही गाडीत जागा नव्हती, त्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी राहिली तर तिला चंगळ म्हणू नये. त्यातच पुसदला अजून रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर २०२४ साली वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, पण आपल्यापर्यंत रूळ यायचे आहेत. दीक्षाभूमीला जायचे, नांदेडला दवाखान्यात जायचे, तर रस्ताच आहे. गाडी ही गरजही आहे आणि मानही आहे.

परंतु बाबासाहेबांनीच आपल्याला दुसरीही एक गोष्ट सांगून ठेवली आहे. ती आपण कमी वेळा वाचतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींमध्ये १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशच्या दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी चालविणे लोकांना शोभेना. म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसविला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. टांगेवाल्यांच्या अहंकाराबद्दल तर बाबासाहेबांनी लिहिलेच, पण आपल्या माणसांबद्दलही प्रेमाने एक गोष्ट नोंदविली. पाहुण्याचा मान राखताना बसणाऱ्याचा जीव मानापेक्षा मोठा आहे, हे ती माणसे विसरली होती.

गाडी घेताना मला हा प्रसंग आठवतो. आता टांगा आपल्या मालकीचा झाला आहे. पण चाक कशात अडकते आहे, ते पाहणार कोण?

आता गाडीकडे वळू. सहा-सात माणसे आणि सामान एकाच छताखाली नेणारी, मागचे दार वर उघडणारी, लांब पाठीची जी गाडी, तिला परदेशात स्टेशन वॅगन म्हणतात. रेल्वे स्टेशनावरून माणसे आणि सामान आणायचे म्हणून ते नाव पडले. आपल्याकडे १९९२ साली टाटांची इस्टेट आली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी, २००४ साली टाटांची इंडिगो मरीना आली. गाड्या कामाच्या होत्या, पण चालल्या नाहीत. आपल्या लोकांना डिकी वेगळी दिसली की ती 'साहेबाची गाडी' वाटे आणि लांब पाठीची गाडी दवाखान्याची किंवा शववाहिका वाटे! पुन्हा प्रतिष्ठाच आडवी आली. मग क्वालिस, इनोव्हा, अर्टिगा अशा तीन रांगांच्या गाड्यांनी ती जागा घेतली. २०२२ साली आलेली किया कॅरेन्स ही त्याच घराण्यातली, आणि बाईंच्या मुलाने तीच डोक्यात धरली होती.

टर्बो म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. इंजिनातून जो जळका धूर बाहेर पडतो, त्यात जोर असतो. तो वाया न घालवता त्याच्या झोताने एक छोटी चक्री फिरवायची. त्याच दांड्यावर दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळते आणि ताकद जास्त मिळते. चुलीत फुंकणीने फुंकले की जाळ वाढतो, तसेच हे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आमच्या आगारात डिझेल गाड्यांना टर्बो आला तेव्हा चढावरची रडारड थांबली, हे मी स्वतः पाहिले आहे.

फरक आकड्यांत पाहा. त्या गाडीत दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे आहे आणि २०२३ पासून आलेले दीड लिटरचेच टर्बो इंजिन सुमारे १६० अश्वशक्तीचे. पण खरी गोष्ट ओढीची आहे. साधे इंजिन आपली पूर्ण ओढ, म्हणजे १४४ न्यूटन मीटर, मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर देते. टर्बो २५३ देते आणि तेही १५०० फेऱ्यांपासून. म्हणजे सात माणसे साठ-साठ किलोची धरली तर ४२०, सामान ८०, असे पाचशे किलो घेऊन तुम्ही वाशीमच्या रस्त्याला घाट चढत आहात आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर आहे. तिथे साधी गाडी गियर खाली पाडून ओरडत चढेल, टर्बो सहज चढेल. ट्रॅक्टर ओलांडताना समोरच्या बाजूला कमी वेळ राहावे लागते. हा खरा फायदा आहे.

तोटेही ऐका. टर्बोची चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तापते. तिचे आयुष्य तेलावर असते. कंपनीने सांगितलेलेच तेल वेळेवर बदलले पाहिजे. स्वस्त तेल घालून पाचशे वाचविणारा पुढे हजारोंनी घालवतो. लांबून वेगात आल्यावर गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावी. पाय जड असेल तर टर्बो पेट्रोल पाण्यासारखे पिते. आणि ज्याची गाडी घर, बँक, बाजार, शाळा एवढीच फिरणार, त्याने टर्बोला जास्तीचे पैसे का मोजावेत? पुसदच्या बाजारातल्या गर्दीत १६० अश्वशक्ती काय कामाची?

कराचेही गणित आहे. सप्टेंबर २०२५ पासून बाराशे सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्याहून मोठीवर ४० टक्के. ती तीन रांगांची गाडी साडेचार मीटरची, म्हणजे मोठ्या करात. कर्जाचे म्हणाल तर समजा दहा लाख नऊ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांत फेडले तर महिन्याला सुमारे २०,७६० रुपये आणि एकूण व्याज सुमारे अडीच लाख. सात वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १६,०९० रुपये, पण व्याज साडेतीन लाख. हप्ता कमी दिसतो म्हणून आपण फसतो. सातव्या वर्षी गाडी जुनी झालेली असते, बाईंची नात बारावीला असते आणि हप्ता चालूच असतो!

आता जी गोष्ट सांगायची होती, ती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही नागपूरला निघालो. माझी धाकटी बहीण म्हणत होती, "दादा, एसटीने जाऊ." त्या वर्षी मला बढती मिळाली होती. मी म्हटले, "छे, आपली स्वतंत्र जीप करू." जीप मीच ठरविली. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा जण बसलो. चालक दोन रात्री झोपलेला नव्हता, हे मी मेकॅनिक असून विचारले नाही. परतताना पहाटे त्याला डुलकी लागली आणि जीप एका मोरीवरून खाली गेली. सगळे वाचले, पण माझ्या बहिणीचा पाय कायमचा अधू झाला. आजही ती काठीशिवाय चालत नाही. तिने मला कधी बोल लावला नाही. पण ती उठताना काठी शोधते, तेव्हा मला ती जीप आठवते.

म्हणून माझे नियम मी बाईंच्या ओट्यावर बसून सांगितले, तेच इथे देतो.

गाडीत जितके पट्टे, तितकीच माणसे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी किती महाग, याला अपघात विचारत नाही.

लांब पाठीच्या गाडीत सामान आणि माणूस यांच्यामध्ये भिंत नसते. जड पेटी खाली, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवा. आसनाच्या वर डबे रचले तर जोराचा ब्रेक लागताच ते डोक्यावर येतात. टपावर ओझे बांधले की वळणावर गाडी कलते.

छताची काच पाहण्याआधी सुरक्षेचे तारे पाहा. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची धडक-चाचणी सुरू आहे. विक्रेत्याला तारे विचारायला लाजू नका.

वाशीमच्या बाजूने आता समृद्धी महामार्ग गाठता येतो. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा, दर दोन तासांनी थांबा. जुलै २०२३ मध्ये याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली, हे विसरू नका. सहा डिसेंबरला किंवा चौदा ऑक्टोबरला जाताना रात्री गाडी हाकू नका. हाकणाऱ्याची झोप झाली की नाही, हे विचारणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे. पाचवे शील आपण विहारात म्हणतो. ते चाकावर बसलेल्याने तर शंभर टक्के पाळायचे.

हे सगळे ऐकून मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मग घेऊ की नको?"

मी म्हटले, "उद्या आजीला दुकानात घेऊन जा. तिला स्वतः चढू दे, स्वतः उतरू दे. मग तुम्ही सहाही जण बसा आणि घाटाच्या रस्त्याला एक फेरी मारा. रंग शेवटी."

ते गेले. आजी उंच गाडीत चढता चढता मध्येच थांबल्या. तीन रांगांच्या त्या गाडीत मात्र मधल्या आसनावर टेकल्या आणि म्हणाल्या, "इथं बरं वाटते बापा." नातवंडांनी मागची रांग पकडली. टर्बो की साधी, यावर घाटाने निकाल दिला. वर्षातून पाच-सहा वेळा सगळे मिळून नागपूर-नांदेड करतात, म्हणून टर्बोच ठरली. पण काचेच्या छताची आणि शोभेच्या सामानाची वरची गाडी नव्हे, मधल्या किमतीची. बाईंचा निधी हात न लावता तसाच राहिला, नातीच्या शिक्षणासाठी. मुलगा वर्षभर थांबून आगाऊ रक्कम स्वतः जमविणार आणि कर्ज पाच वर्षांचेच घेणार. अबोला सुटला. सुनेने मला चहा दिला आणि हळूच म्हणाली, "काका, मीही शिकणार आहे चालवायला." मला सर्वांत जास्त आनंद याचा झाला. घरात गाडी हाकणारे दोघे असले तर थकलेल्याला चाक सोडता येते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, गाडी जरूर घ्या. दारात उभी करा, हार घाला, विहारापर्यंत न्या. पण चाळीसगावची फरशी आठवा. आपल्या माणसाला मानाने न्यायचे तर त्याला सुखरूप पोहोचवायचेही आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!