लाजेचे चार तास

पुरुषाचं लिंग इच्छा नसताना तासन्‌तास ताठ राहतं आणि वेदनेने तो कळवळतो, अशा आजाराबद्दल खानदेशात पहिलं मत ऐकू येतं ते हे: "मजा आहे भो तुझी." दुसरं मत असं की गडी चाळेबाज असणार, उगाच कोणाला असं होत नाही. तिसरं जरा शिकलेल्यांचं: असेल आजार, पण त्याची जाहीर चर्चा कशाला? तिन्ही मतं चूक आहेत. त्यात तिसरं सर्वांत घातक, कारण ते सभ्य कपडे घालून येतं.

आधी मजेचं पाहू. लिंगात दोन लांबट, स्पंजासारख्या पोकळ्या असतात. एरवी त्यांत रक्त येतं आणि परत जातं. प्रायापिझम नावाच्या या आजारात बहुतेक वेळा आलेलं रक्त परतायचं थांबतं. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो, रक्त काळं पडतं आणि आतले स्नायू गुदमरायला लागतात. म्हणून डॉक्टरांनी मर्यादा धरली आहे ४ तासांची. त्यापुढे इजा वाढत जाते. ३६ तास उलटले तर अवयव पूर्ववत काम करील अशी आशा जवळपास उरत नाही, कारण आतला मऊ भाग मरून त्या जागी कडक तंतू तयार होतात. थोडक्यात, ज्याला लोक नशीबवान म्हणून टाळी देतात तो माणूस कायमचा नपुंसक होण्याच्या वाटेवर असतो. (अपघातात आतली रक्तवाहिनी फाटून होणारा एक प्रकार वेगळा. तो फारसा दुखत नाही आणि त्यात इतकी घाईही नसते. पण हा कोणता आणि तो कोणता हे डॉक्टरने ठरवायचं, पारावर बसलेल्यांनी नाही.)

आता चाळ्यांचा आरोप. त्याला उत्तर विंचवाने फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला दवाखाना चालवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर जे काम केलं ते १९८२ पासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विष अंगात चढल्याच्या खुणा त्यांनी मांडल्या त्या अशा: उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय आणि पुरुषाच्या लिंगाची ताठरता. या खुणा दिसल्या की हृदय धोक्यात आहे हे ओळखायचं आणि उपचाराला लागायचं. त्यांनी रूढ केलेल्या प्राझोसिनच्या गोळीने किती जीव वाचले हे कोकणाला ठाऊक आहे. आता सांगा, शेतात विंचू चावून तडफडणाऱ्या माणसाला कोणी कामातुर म्हणेल? नाही ना? मग तेच लक्षण विंचवाशिवाय दिसलं की शरीराचा मामला एकदम चारित्र्याचा कसा होतो?

जळगाव-धुळ्याच्या बाबतीत खरं कारण रक्तातच शोधायला हवं. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर ही सातपुड्याच्या पायथ्याची पट्टी आणि पश्चिमेचा साक्री तालुका. इथल्या पावरा, भिल्ल, कोकणी, मावची समाजांत सिकलसेल आहे. या आजारात तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. सांध्यात अडकल्या तर सांधा दुखतो, छातीत अडकल्या तर श्वास कोंडतो. लिंगात अडकल्या तर प्रायापिझम. परदेशांतल्या पाहण्यांत सिकलसेलच्या पुरुषांपैकी साधारण तिघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेला आढळतो. बरेचदा तो पहाटे झोपेत सुरू होतो, तासाभरात उतरतो, पुन्हा काही दिवसांनी येतो. माणूस गप्प बसतो, कारण उतरलं ना! पण हीच लहान लहान येरझार एखाद्या रात्री चार तासांची होते.

इथे एक आक्षेप अभ्यासू माणसं घेतात: भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. सरासरीने हे खरं आहे. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. पण सरासरी आजारी पडत नाही, माणूस पडतो. शिरपूर तालुक्यातल्या बोराडीच्या वरच्या पाड्यावर पहाटे तीन वाजता पाय पोटाशी घेऊन बसलेल्याला, तुझा आजार सौम्य जातीचा आहे, हे सांगून काय साधणार?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. सिकलसेलशी हे जोडलं तर आदिवासींची बदनामी होईल, आधीच त्यांच्याबद्दल नको ते बोललं जातं. भीती रास्त आहे, निष्कर्ष नाही. हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते मलेरियामुळे. एकच प्रत असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवून दिलं. आफ्रिका, अरबस्तान, ओडिशा, विदर्भातल्या बिगर-आदिवासी जाती, सगळीकडे हेच जनुक आहे. बदनामी टळते ती कारण उघड सांगितल्याने. झाकून ठेवलं की लोक आपल्या मनातलं कारण भरतात.

आता ते तिसरं, सभ्य मत. जाहीर चर्चा नको म्हणणाऱ्यांनी कधी एस.टी. स्टँडची भिंत वाचली आहे काय? गुप्तरोग, मर्दानी ताकद, एकाच भेटीत गुण. चर्चा जाहीरच चालू आहे. फक्त ती करण्याचा मक्ता आपण भोंदूंना दिला आहे. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून १९२७ पासून लोकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. खटला ते हरले. भिंतीवरच्या जाहिरातींवर मात्र कोणाला खटला भरावासा वाटत नाही.

बाईच्या वाट्याला तर चेष्टाही येत नाही, थेट संशय येतो. स्त्रियांतही असा आजार आहे: मनात कसलीही इच्छा नसताना जननेंद्रियात सतत ठणका, जडपणा, उत्तेजना, तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस. सँड्रा लीब्लम आणि शॅरन नेथन यांनी २००१ साली अमेरिकेत त्याचं पहिलं नीट वर्णन केलं, म्हणजे वैद्यकशास्त्रालाही जाग उशिराच आली. कारणं सापडतात ती दबलेल्या नसांत, माकडहाडाजवळच्या नसांवरच्या गाठींत, ओटीपोटाच्या स्नायूंच्या आखडण्यात, काही वेळा नैराश्यावरची गोळी सुरू किंवा बंद केल्यात. एसटीत बसणं, शिवणयंत्रावर बसणं असह्य होतं. हे नवऱ्याला सांगावं तर तो विचारणार, कोणाचा विचार करतेस? सासूला सांगावं तर बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून भगताकडे रवानगी. खरं तर तिला हवी असते मणक्याच्या खालच्या भागाची तपासणी, नसांचा उपचार, स्नायूंचे व्यायाम आणि मुख्य म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवणारी डॉक्टर.

डॉक्टरांनाही सोडता येत नाही. झोपेसाठी ट्रॅझोडोन किंवा मानसिक आजारावर क्लोरप्रोमाझिन लिहून देताना, क्वचित असा त्रास होऊ शकतो, झाला तर लगेच या, एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ते न सांगितल्याने रुग्ण एकतर सोसतो नाहीतर मनानेच गोळी सोडतो, आणि दोन्ही वाईट.

आणि उपचार काही मुंबईलाच होतो असं नाही. अडकलेलं रक्त सुईने काढायचं, फिनाइलएफ्रिन हे औषध तिथे थोडंथोडं टोचायचं. कंबरेत भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरायला भूलतज्ज्ञ हेच औषध वापरतात. सुई आणि हे औषध हाताशी असेल तर प्रश्न उरतो माणूस वेळेत पोचण्याचा. पाड्यावरून रस्त्यापर्यंत पायपीट, १०८ रुग्णवाहिकेची वाट, ग्रामीण रुग्णालय, तिथून शिरपूर ते धुळे पन्नासेक किलोमीटर. चार तासांतले दोन लाजेत घालवले तर उरलेले रस्त्यातच संपतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. लग्नाआधी सिकलसेलचं कार्ड जुळवा, हेही सांगितलं जातं. चांगलं आहे. त्याच कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत छापा: लिंग दुखून ताठ राहिलं तर पाणी प्या, लघवी करा, चाला, दोन तासांत उतरलं नाही तर दवाखान्यात निघा. यावर हरकत येणारच, की कार्ड घरात बायकोच्या हाती पडेल. पडू द्या की. रात्री दोन वाजता १०८ला फोन तीच लावणार आहे.