पोलीस हटवला की कोंडी कुठवर जाते? पी५३ नसलेले उंदीर आणि कॅन्सरची प्रथिनं

‘उंदरांवर कॅन्सरचा इलाज सापडला’ असा मेसेज अधूनमधून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतोच. मी शीळफाट्याला राहतो. इथून तळोजामार्गे खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. तिथे उपचारासाठी फेऱ्या मारणाऱ्या घरांत अशा मेसेजमुळे खोटी आशा पसरते. म्हणून हे संशोधन नेमकं काय सांगतं ते समजून घेऊ.

पी५३ हे पेशीतलं पहारेकरी प्रथिन. डीएनए बिघडला की ते पेशीचं विभाजन थांबवतं किंवा पेशीलाच संपवतं. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं असतं. १९९२ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. ते जन्मले ठणठणीत, पण सहा महिन्यांच्या आत बहुतेकांना गाठी झाल्या.

आता शीळफाट्याच्या चौकातला ट्रॅफिक पोलीस हटवला असं समजा. कोंडी चौकापुरती राहत नाही. ती महापे, मुंब्रा, काटई नाक्यापर्यंत जाते. पेशीतही तसंच होतं. डीएनए बिघडल्यावर पी५३ च्या हुकमाने वाढणारं पी२१ हे प्रथिन वाढत नाही, त्यामुळे विभाजनाला ब्रेक लागत नाही आणि पुढे कितीतरी प्रथिनांचं प्रमाण बदलतं. मास स्पेक्ट्रोमीटरने शास्त्रज्ञ हेच बदल मोजतात.

हे महत्त्वाचं का? कारण बहुतेक औषधं जनुकावर नाही, प्रथिनावर काम करतात. आणि नुसतं जनुक वाचून प्रथिन किती आहे हे नेहमी कळत नाही. म्हणूनच आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी करार केला, रुग्णांच्या गाठींतली जनुकं आणि प्रथिनं एकत्र अभ्यासण्यासाठी.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आरबी जनुकाची एक प्रत बिघडली तर मुलांना डोळ्याचा कॅन्सर होतो. उंदरांना मात्र मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होते. जनुक तेच, आजार वेगळा!

माझं मत स्पष्ट आहे: उंदरांमुळे कुठे शोधायचं ते कळतं, उपचार माणसांवरच्या चाचण्यांनंतरच ठरतो. तेव्हा असा मेसेज आला की आधी विचारा, प्रयोग कोणावर झाला? आणि चालू असलेला उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.