संथारा देता येत नाही



आपल्याकडे हल्ली एक वाक्य फार सहज ऐकू येतं. "डॉक्टरांनी हात टेकले, मग आम्ही त्यांना संथारा दिला." ग्रुपवर बातमी येते, आपण हात जोडतो, "खूप खूप अनुमोदना" लिहितो आणि स्वयंपाकाला लागतो. माझा आक्षेप त्या वाक्यातल्या "दिला" या एका शब्दाला आहे. संथारा औषधासारखा देता येत नाही. तो घ्यायचा असतो, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळावं लागतं. महासतीजी पच्चक्खाण देतात हे खरं, पण समोर मागणारं कुणीतरी असतं म्हणून देतात. न मागता, न कळता दिलेलं पच्चक्खाण कुणाचं? ज्याच्या तोंडात नळी आहे आणि ज्याला चार दिवस शुद्ध नाही, त्याचं तर नाहीच.

आपल्या नंदुरबारकडचा क्रम तुम्हाला पाठ आहे. म्हातारं माणूस अत्यवस्थ झालं की गावातले डॉक्टर म्हणतात, सुरतला हलवा. कुणी धुळ्याला नेतं, कुणी नाशिकला. रात्रीतून अ‍ॅम्ब्युलन्स निघते. पुढचे दहा-बारा दिवस आयसीयूच्या दारात मुलगे आणि जावई बसतात, सह्या करतात, पैसे भरतात. आत सुना-मुलींना दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं सोडतात. शेवटी डॉक्टर सांगतात, आता काही उपयोग नाही. मग एकदम सगळ्यांना धर्म आठवतो. फोनवरून मांगलिक ऐकवलं जातं, कुणीतरी कानाशी नवकार म्हणतं, आणि घरी निरोप येतो की संथारा दिला.

कानाशी नवकार म्हणणं चांगलंच आहे. शेवटच्या क्षणी प्रभूचं नाव ऐकवावं, हात हातात धरावा, यात कुणाचं दुमत नाही. त्याला नवकार ऐकवला म्हणा, मंगलपाठ दिला म्हणा. संथारा म्हणू नका. बारा दिवस त्या माणसाला काय हवं होतं हे कुणी विचारलेलं नसतं, आणि तेराव्या दिवशी आपण त्याच्या नावावर सगळ्यात मोठं व्रत लिहून मोकळे होतो. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ज्या खात्यात पैसे भरलेच नाहीत त्यात जमा दाखवणं याला आमच्या विषयात वेगळं नाव आहे.

शास्त्र याबाबत किती कडक आहे ते पाहा. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेसाठी प्रसंग सांगितले आहेत: उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण, आजार, आणि तेही ज्यावर काही उपाय उरलेला नाही असे. उपाय असेल तर उपाय करायचा. आणि व्रत घेतल्यावरचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यात जीविताशंसा आहे तशीच मरणाशंसाही आहे. म्हणजे आणखी जगावं अशी लालसा हा दोष, तसाच लवकर मरण यावं अशी इच्छा हाही दोष. इहलोकीच्या मानाची आशा धरणं हाही दोष. इतकी बारीक चाळणी लावलेलं व्रत बेशुद्ध माणसाच्या माथी मारता येईल का? ज्याला इच्छाच करता येत नाही, त्याने इच्छा जिंकली असं कसं म्हणायचं?

आता कुणी म्हणेल, भाभी, तुम्ही आपल्याच लोकांवर का तुटून पडता? बाहेरचे कमी आहेत का? बाहेरच्यांचंही सांगते. २००६ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात संथाऱ्याविरुद्ध जनहित याचिका झाली. १० ऑगस्ट २०१५ ला निकाल आला की संथारा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, त्याला आत्महत्येचा प्रयत्न समजा, आणि मदत करणाऱ्यांवर प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदवा. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तो निकाल चुकीचाच होता असं माझं ठाम मत आहे. आत्महत्या करणारा जीव निराशेने, घाईने, कुणाला न सांगता जातो. संथारा घेणारा सगळ्यांना सांगून, घरच्यांची आज्ञा घेऊन, खमतखामणा करून, गुरूंच्या साक्षीने जातो. दोन्हींना एका मापाने मोजणं अन्याय आहे.

पण विरोधकांचा एक मुद्दा मोर्चाने खोडता येत नाही. ते म्हणतात की म्हाताऱ्या माणसांवर, त्यातही बायकांवर, धर्माच्या नावाने दडपण येतं. याचं उत्तर घोषणेने देऊन चालणार नाही, वागण्याने द्यावं लागेल. जोवर आपण न विचारता "दिलेल्या" संथाऱ्याला अनुमोदना करत राहू, तोवर आपणच त्यांच्या हातात पुरावा देत आहोत.

खरा संथारा कसा असतो हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी जात चाललेली. डोळ्यांना दिसलं नाही तर पायाखालचा जीव वाचवता येणार नाही, अहिंसा महाव्रत पाळता येणार नाही, हे त्यांचं कारण होतं. १४ ऑगस्टला सुरुवात झाली आणि १८ सप्टेंबरला देह सुटला, छत्तीस दिवस. निर्णय त्यांचा, कारण त्यांचं, शब्दही त्यांचे.

जैन नसलेल्या विनोबांचंही उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं. डॉक्टरांनी विनवलं, मोठमोठ्या लोकांनी विनवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, म्हणजे आपल्या महावीर निर्वाणाच्या दिवशी, ते गेले. त्यांना कुणी काही दिलं नव्हतं. त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि तोंडाने सांगितलं होतं.

आता याच्या उलटं उदाहरण. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि ती पुढे जवळपास ४२ वर्षं तशीच पडून होती. तिथल्या परिचारिकांनी तिची सेवा केली, तिला भरवलं, इतकी की त्या सेवेला हात जोडावेत. एका लेखिकेने तिला जाऊ द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ ला कोर्टाने अर्ज फेटाळला, मात्र काही अटींवर उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केलं. अरुणा १८ मे २०१५ ला गेली. दोन्ही बाजूंच्या बायका तिच्या भल्यासाठीच भांडत होत्या. पण अरुणाला काय हवं होतं हे त्यातल्या एकीलाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला असला प्रश्न कोण विचारतं?

आपल्याला मात्र विचारता येतो. आपण पन्नाशी-साठी-सत्तरीच्या बायका आहोत, बोलत्या आहोत, शुद्धीत आहोत. तरी घरात कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. बँकेच्या खात्याला नॉमिनी आहे, लॉकरला दुसरं नाव आहे, सोन्याच्या बांगड्या कोणत्या सुनेला हेही सांगून ठेवलेलं आहे. फक्त मला व्हेंटिलेटर लावायचा की नाही, शेवटी सुरतला न्यायचं की माझ्या खोलीत ठेवायचं, हे कुणाला माहीत नाही. मग त्या रात्री सही मुलगा करतो, तोही बिचारा घाबरलेला असतो. "लोक काय म्हणतील, आईवर खर्च केला नाही" या धाकाने तो हो म्हणत जातो. आयुष्यभर सेवा सुनेने केलेली असते, तिला त्या दारात कुणी विचारत नाही. मुलीला तर शेवटी कळवतात.

"असं बोलू नये, अपशकुन होतो" असं म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज रात्री झोपण्यापूर्वी सागारी संथारा घेतात. झोपेत आयुष्य संपलं तर आहार, शरीर, परिग्रह सगळ्याचा त्याग, आणि सकाळी उठले तर आगार. श्रावकाच्या तीन मनोरथांतला तिसरा मनोरथ समाधिमरणाचाच आहे. जे देवासमोर रोज म्हणतो, ते मुलांसमोर एकदा म्हणताना अपशकुन कुठून आला?

दुसरी शंका असते की लिहून ठेवलं तर मुलं साध्या आजारातही उपचार करणार नाहीत. म्हणून कायदा काय आहे ते नीट समजून घ्या. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाने स्वतः लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं त्यात घालता येतात, मुलाबरोबर मुलीचं किंवा सुनेचंही घाला. एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरला नगरपालिकेकडे, खेड्यात पंचायतीकडे. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. आणि हा कागद लागू कधी होतो? बरं होण्याची आशा संपल्यावरच. त्यासाठी तीन डॉक्टरांचं एक मंडळ आणि मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ, दोघांचंही मत जुळावं लागतं. न्यूमोनिया झाला म्हणून मुलगा हा कागद दाखवून तुम्हाला घरी आणू शकत नाही. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. न्यायमूर्तींना ज्यात अपशकुन वाटला नाही, त्यात आपल्याला का वाटावा?

पण इथे एक गल्लत करू नका. लिव्हिंग विल म्हणजे संथारा नव्हे. नको असलेली यंत्रं नाकारणं ही एक गोष्ट. आहाराचा त्याग हे व्रत, ती वेगळी गोष्ट, आणि ते त्या वेळी भान असेल तरच घ्यायचं. कागद एवढंच करतो की यंत्रांच्या गर्दीत ते भान हरवायच्या आत तुम्हाला घरी, आपल्या माणसांत राहता यावं. आणि घरी आणणं म्हणजे वेदनेत तडफडत ठेवणं नव्हे. वेदना कमी करणारी सेवा हीसुद्धा वैयावच्चच आहे. मुंबईला वांद्र्यात शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतं, पुण्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. आपले संघ आयंबिल खाती चालवतात, पांजरापोळ चालवतात. प्रत्येक तालुक्यात अशा रुग्णाच्या घरी जाणारी एक प्रशिक्षित नर्स ठेवणं त्यांना जड नाही. वरघोड्याच्या खर्चातला थोडा भाग त्याला पुरे आहे.

वरघोड्यावरून आठवलं. कुणी खरोखर जाणिवेने संथारा घेतला तरी आपण काय करतो? "आज एकविसावा दिवस" असे फोटो, दर्शनाच्या रांगा, मोबाईल तोंडासमोर. ज्या व्रतात मानाची आशा हाच अतिचार आहे, त्या व्रतीभोवती आपण मानाचा बाजार मांडतो. एखादीला मधेच वाटलं की नाही सोसत, तर तिने या गर्दीसमोर ते कसं बोलावं? म्हणूनच म्हणते, दर्शनाला जायचं असेल तर फोन घरी ठेवून जा, बाहेर बसून एक सामायिक करा आणि परत या.

येत्या पर्युषणात आपल्या महिला मंडळात एवढंच करू. एक दुपार या विषयाला द्या. गावातल्या एखाद्या डॉक्टरांना आणि वकिलांना बोलवा. घरी जाऊन जेवणाच्या वेळी मुलांना, सुनांना, मुलींना स्पष्ट सांगा की मला शेवटी काय हवं आणि काय नको. नवऱ्यालाही विचारा, त्याचंही कुणी विचारलेलं नसतं. मग लिहा, सह्या घ्या, प्रत नगरपालिकेत द्या. आणि यापुढे ग्रुपवर "संथारा दिला" अशी बातमी आली तर अनुमोदना लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: त्यांनी मागितला होता का?

प्रश्न कडू आहे, मला माहीत आहे. काही घरं रागावतील. रागावू द्या. पुढच्या वेळी त्या घरातल्या म्हातारीला कुणीतरी वेळेवर विचारेल.