काबूलची मुलगी आपली कोण?

सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मैंदर्गी लागते. बोलणे अर्धे कन्नड, अर्धे मराठी. पलीकडे कर्नाटक सुरू होते. तेथील महिलांच्या एका बैठकीत आम्ही अफगाणिस्तानातील मुलींच्या शाळाबंदीचा विषय काढला, तेव्हा एक म्हाताऱ्या बाई मध्येच म्हणाल्या, "काबूलच्या पोरी आपल्या कोण? हितं आपल्याच पोरी धावीनंतर घरात बसत्यात, त्येंचं बघा की आधी."

बाईंचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे.

2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबानने काबूल घेतले. सप्टेंबरात मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या बंदच राहिल्या. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठांची दारे मुलींना बंद झाली आणि त्याच महिन्यात सेवाभावी संस्थांत स्त्रियांनी नोकरी करण्यावरही बंदी आली. ही दुसरी बंदी वरवर लहान वाटते, पण घाव तिचा खोल आहे. ज्या समाजात परपुरुषाने बाईशी बोलायचे नाही, तेथे बाई कार्यकर्तीच काढून टाकली तर विधवेच्या घरी धान्य कोण नेणार? मार खाल्लेल्या बाईची तक्रार कोण लिहून घेणार? डिसेंबर 2024 मध्ये सुईणीचे व नर्सचे शिक्षणही बंद केले. स्त्रीला शिकू द्यायचे नाही आणि स्त्रीवर उपचार करणारी स्त्रीही तयार होऊ द्यायची नाही! शूद्राला व स्त्रीला ज्ञानबंदी करणाऱ्या मनूची आठवण आम्हाला झाली नाही तरच नवल. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या साक्षीने मनुस्मृती जाळली गेली. तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळणाऱ्यांना काबूल परके कसे वाटेल?

आता आपल्या सरकारचे पाहा. 8 जुलै 2025 ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता आणि त्याचा सरन्यायाधीश यांच्याविरुद्ध, स्त्रिया व मुलींच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तालिबानचा परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत पाहुणा म्हणून आला. 10 तारखेला अफगाण दूतावासात त्याने पत्रकार परिषद घेतली आणि तीत एकाही महिला पत्रकाराला प्रवेश नव्हता. भारताच्या राजधानीत! आमचा त्या परिषदेशी संबंध नाही, असे सांगून परराष्ट्र खाते मोकळे झाले. ओरड झाली तेव्हा दोन दिवसांनी दुसरी परिषद ठेवून महिलांना बोलावण्यात आले. मुत्सद्देगिरीला शेजाऱ्याशी बोलावे लागते, हे आम्हाला कळते. पण बोलणे वेगळे आणि मुलींचा विषय गिळून बोलणे वेगळे.

आणि ज्यांना मुलींच्या बाजूने काही करायचे आहे त्यांचे काय? त्यांचे हात बांधलेले आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि परदेशातून येणारा पैसा दिल्लीतील एकाच बँकेच्या एकाच शाखेत उतरवण्याची सक्ती झाली. सर्वात घातक कलम वेगळेच आहे. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी तिने दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. मुंबई-पुण्याची मोठी संस्था अर्ज, हिशेब, लेखापरीक्षण सांभाळते आणि त्यातला थोडा पैसा तालुक्यातल्या चार बायांच्या संस्थेला देते, ही जुनी रीत एका फटक्यात संपली. देवदासींच्या मुलींसाठी, बालविवाह रोखण्यासाठी सीमाभागात काम करायचे ते अशाच लहान संस्थांनी. देवदासीप्रथेविरुद्ध 1934 मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला, 1982 चा कर्नाटकाचा आला, 2005 चा महाराष्ट्राचा आला. पण कायदा आपल्या पायांनी चालत मुलीच्या दारी जात नाही. तो नेणारी बाई लागते, आणि तिला एस.टी.चे भाडे लागते. गुजरातेत दलितांसाठी काम करणाऱ्या 'नवसर्जन' संस्थेचा परदेशी देणगीचा परवाना तर 2016 मध्येच रद्द झाला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात बेकायदा ठरवलेल्या संघटनेसाठी वर्गणी देणे-घेणे हाही गुन्हा आहे. संघटना बेकायदा कोण ठरवणार? सरकारच!

'परदेशी पैसा' म्हटले की आपल्यातलेही काही जण दचकतात. त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. 'मूकनायक'ला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 1946 मध्ये अमेरिकेतील काळ्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांत जाते आहे असे कळताच बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिच्या प्रती मागवल्या. 2001 मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत आमचे कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारने 'हा आमचा अंतर्गत प्रश्न' म्हणून आडकाठी केली. आज तालिबान नेमके तेच म्हणतो. आम्ही जगाकडे न्याय मागायला जायचे आणि काबूलच्या मुलीने हाक मारली की घराची कडी लावून बसायचे, हे आंबेडकरी माणसाला शोभत नाही.

मग करायचे काय? मैंदर्गीतून काबूलला पैसा पाठवा, असे आम्ही सांगत नाही. करण्यासारखे जवळच आहे. पुण्याच्या विद्यापीठाला 2014 पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. पुण्यात अफगाण विद्यार्थी कितीतरी वर्षे शिकत आले. ऑगस्ट 2021 मध्ये भारताने अफगाणांना दिलेले व्हिसा रद्द केले आणि सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. त्यांत मुलीही होत्या. त्यांची मधली वर्षे कोण भरून देणार? सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाने अफगाण मुलींसाठी वेगळ्या जागा, फीमाफी आणि वसतिगृह ठेवावे, आणि केंद्राने त्यांच्या व्हिशाला अडवू नये, ही मागणी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्या म्हाताऱ्या बाईंना आम्ही हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग कागदात आपल्या पोरींचं बी लिहा." बरोबर होते. पत्रात दोन मागण्या गेल्या. अफगाण मुलींना प्रवेश ही एक, आणि अक्कलकोट तालुक्याच्या सीमेवरील गावांतल्या मुलींना दहावीनंतर वसतिगृहात जागा ही दुसरी. पत्र मराठीत लिहिले. सह्या निम्म्या कन्नडमध्ये झाल्या, आणि बाईंनी अंगठा दिला.