एका मण्याचा कस, गाठोड्याचा सौदा

गुप्तधन सापडल्याच्या दाव्याला एक साक्षीदार लागतो, आणि आमच्या भागात तो साक्षीदार सराफ असतो. बारामतीच्या पेठेत आमचं दुकान आजोबांपासून आहे. कसवटीचा दगड, तेजाबाची बाटली, मूस आणि तराजू यांच्यातच मी वाढलो. म्हणूनच हे लिहिणं मला माझं काम वाटतं. या फसवणुकीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य आमच्याच तोंडून वदवून घेतलं जातं: "मणी अस्सल आहे."

पद्धत ठरलेली आहे. उसाचं बिल खात्यावर पडायच्या सुमारास भिगवण, सणसर, वालचंदनगर किंवा इंदापूरकडच्या एखाद्या बागायतदाराला कोणीतरी गाठतं. कपडे मळके, बोलणं गरिबाचं. दूरच्या गावात जुन्या वाड्याचा पाया खणताना हंडा लागला म्हणतो. मालकाला कळलं तर जीव घेईल, पोलिसांना कळलं तर सगळं जप्त होईल, आम्हा गरिबाला विकता येत नाही, तुम्ही देवमाणूस दिसता, अर्ध्या भावात घ्या. मग जाडजूड माळ काढतो, समोरच धागा तोडून एक मणी हातावर ठेवतो आणि म्हणतो, "कुठंही दाखवा." तो मणी आमच्याकडे येतो. आम्ही घासतो, तेजाब लावतो, रेघ जागची हलत नाही. सोनं खरंच असतं, पण तेवढ्याच मण्याचं. उरलेली माळ पितळेची, वर मुलामा. पैसे मोजून झाल्यावर पुढच्या आठवड्यात तीच माळ आमच्याकडे मोडीला येते, आणि त्या शेतकऱ्याच्या बायकोकडे बघवत नाही, कारण तिच्या पाटल्या, बोरमाळ सगळं त्यातच गेलेलं असतं.

याचा दुसरा मार कष्टकऱ्यांवर पडतो. फसवणारा मजुराचं सोंग घेतो, आणि मग खरा बिगारी, खरा ऊसतोड कामगार दारात उभा राहिला तरी लोक त्याच्याकडे संशयानं बघतात. ज्याचा या प्रकाराशी काडीचा संबंध नाही, त्याची पत जाते.

सोनं स्वतःबद्दल फार खरं बोलतं, फक्त त्याला विचारायला हवं. पाण्याच्या 19.3 पट जड असा हा धातू आहे. पितळ साधारण साडेआठ पट. म्हणजे एक किलो सोनं जेमतेम 52 घनसेंटीमीटर जागेत मावतं. पाच किलो सोनं पाणी प्यायच्या एका पेल्याएवढं होईल. कोणी पाच किलो म्हणून अर्ध्या लिटरहून मोठं गाठोडं देत असेल, तर कसवटीही लागत नाही, ते सोनं नाही. हंड्याचंही तसंच. घरातली दहा लिटरची कळशी नाण्यांनी भरली, तर मधल्या पोकळ्या सोडूनही वजन शंभर किलोच्या वर जातं. "रात्री एकट्यानं उचलून आणला" हे ऐकलं की मला पुढचं ऐकायची गरज राहत नाही. आणि सोन्यावर हिरवट गंज चढत नाही. शेकडो वर्षं मातीत राहिलं तरी ते पिवळंच निघतं. "जुनं आहे म्हणून हिरवं पडलंय" असं कोणी सांगितलं, तर त्यात तांबं किती हे आधी विचारा.

जमिनीत धन नसतंच, असं मात्र मी म्हणणार नाही. बँका नव्हत्या, स्वाऱ्या यायच्या, दुष्काळात गावंच्या गावं उठायची. लोकांनी पुरलं आणि सांगायच्या आधी मेले, हे घडलं आहे. आमचा मुलूख तर पुणे-सुपे जहागिरीचा. इंदापुरात मालोजीराजांची गढी, बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा. अशा जागी माणसाच्या मनात हंडा येणं साहजिक आहे. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, बांधकामाच्या खोदाईत मजुरांना 216 सोन्याची नाणी मिळाली होती, अठराव्या शतकातली. कळवली नाहीत म्हणून डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी ती जप्त केली. वजन भरलं दोन किलो तीनशे ग्रॅमच्या वर. भाग करून बघा, एका नाण्याला सुमारे 10.9 ग्रॅम येतात, मोहरेचं वजन जेवढं असावं तेवढंच. खरा ठेवा असा हिशेबात बसतो. आणि तो कोणाला मिळाला? नांगराला, विहीर खणणाऱ्याला, पाया काढणाऱ्याला असाच मिळतो. पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घालून निघालेला एकही हंडा आजवर माझ्या काट्यावर आलेला नाही.

खेड्यातली माणसंच फसतात, असंही समजू नये. मे 2015 मध्ये मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर एका नामांकित अमेरिकी शोधकानं समुद्रातून सुमारे 50 किलोची लगड वर काढली आणि ही कॅप्टन किड या चाच्याची चांदी म्हणून जाहीर केलं. कॅमेरे होते, खुद्द राष्ट्राध्यक्ष लगड स्वीकारायला हजर होते. बातमी जगभर गेली. दोन महिन्यांनी युनेस्कोच्या तज्ज्ञांनी सांगितलं की त्या लगडीत 95 टक्के शिसं आहे, चांदी नाहीच. जहाज म्हणून दाखवलेले अवशेषही बंदराच्या जुन्या बांधकामाचे निघाले. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण इलाज इतका सोपा होता. वजनावर माणूस फसू शकतो, शिसं चांदीपेक्षा किंचित जडच असतं. पण सुरीनं ओरखडा काढला असता किंवा दगडावर एक रेघ ओढली असती तरी सगळं तिथंच उघड झालं असतं. समारंभ आधी झाला आणि कस नंतर लागला.

आपल्याकडे ऑक्टोबर 2013 मध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेड्यात एका साधूच्या स्वप्नावरून सरकारी पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं. स्वप्नात 1000 टन सोनं होतं. रिझर्व्ह बँकेकडे त्या वेळी देशाचं सोनं सुमारे 557 टन होतं, एवढी एक तुलना कुणी आधी केली असती तरी पुरे होती. खापऱ्या निघाल्या, सोनं निघालं नाही.

मण्याच्या सौद्यात पैसा जातो, मांत्रिकाच्या नादात जीव जातात. मानवतचं हत्याकांड 1972 ते 1974 मधलं. पिंपळाखालच्या धनासाठी लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या, ते आमच्या वडिलांच्या पिढीला आठवतं. पण जून 2022 तर कालचं आहे. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एका कुटुंबातले नऊ जण मेले. आधी ती आत्महत्या वाटली. पोलिसांनी तपास केला तेव्हा गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांनी विष दिल्याचं त्यांनी सांगितलं, आणि सोलापूरच्या दोघांना पकडलं. त्या घरातला एक भाऊ शिक्षक होता, दुसरा जनावरांचा डॉक्टर. शिकलेलं, प्रतिष्ठेचं घर. सोलापूर जिल्हा इंदापूरच्या शिवेला लागून आहे. हे लोण आपल्याकडे येणार नाही, असं म्हणायला मला काहीच आधार दिसत नाही.

आणखी एक नुकसान आहे, त्याची फिर्याद कोणी देत नाही. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, वीरगळ, सतीशिळा दिसू लागतात. लोणी भापकरच्या मल्लिकार्जुनाच्या देवळासारखी कोरीव कामं आपल्या जिरायत पट्ट्यात आहेत. धनाच्या नादात दगड उलथवणाऱ्याला वीरगळ म्हणजे खूण वाटते. खालचं धन तर निघत नाहीच, पण कोणत्यातरी गावासाठी लढून मेलेल्या माणसाची एकमेव निशाणी दोन तुकडे होऊन पडते. आपली खरी दौलत ही आहे, आणि तिला पहारा नाही.

कायदा जुना आहे, पण स्पष्ट आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. चौकशीत कुणी वारस निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळतं. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल, तर किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे "सरकारला कळलं तर सगळं जाईल" ही भीतीच खोटी आहे, आणि अख्खा सौदा त्याच भीतीवर उभा असतो. अघोरी विधी करून धन शोधणाऱ्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे: सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. या दोन्ही कायद्यांतली ही चार वाक्यं साखर कारखान्यांच्या गट कार्यालयांत आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? बिल वाटपाच्या आधी वाचली तर जास्त उपयोग.

वर्तमानपत्रांकडेही मागणं आहे. "हंडा सापडला" ही बातमी छापताना धातूचा कस कोणी काढला आणि ठेवा कोणाच्या ताब्यात आहे, हे त्याच बातमीत यावं. नसेल कळलं, तर बातमी एक दिवस थांबावी.

माझ्या व्यवसायबंधूंना सांगणं वेगळं आहे. आमच्या दुकानात सुट्या मण्यावर तोंडी मत देणं बंद केलं आहे. मणी कुठून आला ते विचारतो, चिठ्ठीवर वजन घालून "तपासणी फक्त या एका मण्याची" असं लिहितो, आणि सगळी माळ, विकणाऱ्यासकट, दुकानात आणा म्हणतो. विकणारा कधीच येत नाही. बारामती, इंदापूर, भिगवणच्या प्रत्येक सराफानं एवढं केलं आणि 112 ला एक फोन लावला, तर हा धंदा आपल्या दोन तालुक्यांत चालणं अवघड होईल. आणि असा फोन करणाऱ्या दुकानदाराला पोलिसांनी जबाबासाठी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवू नये. तसं एकदा झालं, तर दुसऱ्यांदा कोणी फोन लावणार नाही.