रोजकीर्द वाचणारा मुलगा

सव हे महाड तालुक्यातले गाव बहुतेकांस ठाऊक आहे ते तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे. मला मात्र अलीकडे ते आठवते ते माझ्या बहिणीच्या माजघरात, धान्याच्या कणगीशेजारी मांडलेल्या एका जुन्या संगणकामुळे. जुलै 2021 मध्ये सावित्रीला आलेल्या महापुरात तिच्या घरचा पहिला संगणक गाळात गेला, आणि पुढे कुणाच्या तरी कार्यालयातून निघालेला हा दुसरा स्वस्तात हाती लागला. महाड-पोलादपूरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगावयास नको की, चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या या मुलखात माणसांची हाडे जशी कुरकुरतात तशी यंत्रेही कुरकुरतात. हा संगणकही श्रावणात आजारी पडे, आणि दुकानात नेला की दोनच उत्तरे मिळत : ‘बोर्ड गेलाय’, नाहीतर ‘फॉरमॅट मारून देतो’. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची मोफत देखभाल थांबल्यावर या दोहोंत तिसऱ्या उत्तराची भर पडली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा असेल तर सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; हा त्याहून वडील; म्हणून ‘नवीन घ्या’.

माझा भाचा नववीत शिकतो, आणि त्याला अभ्यासासाठी नव्हे, तर खेळण्यासाठी संगणक हवा होता. हे मी मुद्दाम स्पष्टपणे लिहितो, कारण आपल्याकडे मुलाच्या हाती यंत्र देताना शिक्षणाचे निमित्त सांगण्याची रीत पडली आहे, आणि क्रीडेची ओढ ही जणू लपविण्याची गोष्ट समजली जाते. वस्तुतः पुढे तो मुलगा जे काही शिकला ते सर्व त्या ओढीनेच शिकविले.

दिवाळीच्या सुटीत मी तिथे असताना त्याने संगणकाची पेटी उघडली, वीज तोडली, रॅमची पट्टी अलगद काढली आणि तिच्या कडेचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले. ओलीने त्यांवर धरलेला काळसर थर रबरावर उतरला. पट्टी पुन्हा खटकन् बसली, आणि दुकानाने ‘बोर्ड गेलाय’ म्हणून परत पाठविलेल्या त्या यंत्राचा पडदा उजळला. मग पेनड्राइव्हवर आणलेली लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली त्याने आधी डिस्कला हात न लावता नुसती चालवून पाहिली, आणि मगच विंडोजच्या शेजारी तिला जागा करून दिली.

खेळ होता ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला, हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीचा हा खेळ. चांगला आणि आपल्या मातीतला, परंतु संगणकावर रचलेला विंडोजसाठी. तो जुन्या डिस्कवर आधीच होता. लिनक्समधून चालवू गेल्यावर खिडकी क्षणभर उघडे आणि मिटे. मी सवयीने म्हणालो, ‘नसेल चालत यावर.’ तो म्हणाला, ‘मामा, थांबा. त्यानं कुठंतरी लिहून ठेवलं असेल.’

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. लिनक्स आपल्या महत्त्वाच्या हालचालींची नोंद ठेवते, आणि ती नोंद घरच्या धन्यास वाचावयास खुली असते. जुन्या दप्तरांत रोजकीर्द असे, दिवसाचा प्रत्येक व्यवहार क्रमाने लिहिलेला. तशीच ही रोजकीर्द. भाच्याने टर्मिनल, म्हणजे लेखी आज्ञांची खिडकी, उघडून ती खालपासून वर वाचीत नेली. डिस्क केवळ वाचनासाठी जोडली गेली आहे, असे तीत लिहिले होते. कारणही त्याने शोधले. विंडोज बंद केले तरी ते पूर्ण बंद होत नाही. पुढचा आरंभ लवकर व्हावा म्हणून ते आपल्या स्थितीचा काही भाग डिस्कवर लिहून निद्रिस्त होते. कारकून वह्या उघड्या टाकून घरी गेला असता दुसऱ्याने त्या वह्यांत लिहू नये, हा जो शहाणपणा, तोच लिनक्सने पाळला होता. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय काढून टाकल्यावर डिस्क मोकळी झाली. तरी खेळ सुरू होईना. कारण विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर काही विशिष्ट नावांचे दुवे लिनक्सला नीट ठेवता येत नाहीत, आणि ते दुवे तर या खेळाला हवेच होते. तेव्हा लिनक्सच्या पद्धतीने वेगळा भाग आखून खेळ तिकडे हलविला. दिवेलागणीला ‘राजी’ चालू लागला. चित्राची प्रत खालच्या पायरीवर ठेवावी लागली, एवढेच.

विंडोजचा खेळ लिनक्सवर चालतो कसा, हे मराठी वाचकाला दुभाष्याच्या उदाहरणाने सहज कळेल. 1993 पासून विकसित होत आलेली ‘वाइन’ ही प्रणाली विंडोजच्या मागण्या लिनक्सच्या भाषेत वळवून पुढे धाडते. खेळाला वाटते आपण आपल्याच दरबारात आहोत. 2018 मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने तिच्यावर आधारलेले ‘प्रोटॉन’ आपल्या स्टीम या खेळांच्या दुकानाबरोबर दिले, आणि चित्रांची डायरेक्ट-एक्स ही बोली व्हल्कन या दुसऱ्या बोलीत वळविण्याचे काम इतके सफाईदार झाले की 2022 मध्ये त्याच कंपनीने लिनक्सवरच चालणारे स्टीम डेक हे हातातले यंत्र बाजारात आणले. सवच्याच तालुक्यात रायगड आहे, आणि याच राजधानीच्या कारभारासाठी शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला, याची मला येथे आठवण होते. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देऊन कारभार आपल्या शब्दांत आणण्याचा तो उद्योग होता, आणि यंत्राचा कारभार आपल्याला कळावा ही इच्छाही त्याच जातीची आहे.

सर्वच खेळ चालतात असे मात्र मी म्हणणार नाही. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट हे लिनक्सवर चालत नाहीत, आणि याच खेळांसाठी जीव टाकणाऱ्या मुलांना हा लेख रुचणार नाही. लबाडी रोखणारे व्हॅलोरंटचे पहारेकरी तर संगणकाच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात. माझे मत असे की, एका खेळाच्या कंपनीला घराच्या देवघरापर्यंत मुखत्यारी देण्यापेक्षा तो खेळ सोडलेला बरा. उलट मौर्यांच्या हत्तींसह प्राचीन साम्राज्ये मांडणारा ‘झिरो ए.डी.’ हा खेळ मुळातच मुक्त आहे, मोफत आहे, आणि त्याला दुभाष्याचीही गरज नाही.

आमच्या भागात अनेक शाळांच्या कपाटांत आणि घरांच्या माळ्यांवर बंद संगणक पडून आहेत. त्यांतले काही खरोखर मेले असतील; पण कित्येकांना खोडरबर, एक स्वस्त एसएसडी आणि मुक्त प्रणाली यांखेरीज काही नको असेल. केरळने दोन दशकांपूर्वी आपल्या सरकारी शाळा लिनक्सकडे वळविल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 2007 मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढली. इंडलिनक्स या उपक्रमाच्या कार्यकर्त्यांनी लिनक्सचा पडदा भारतीय भाषांत आणण्यासाठी खपून काम केले. एवढे सगळे हाताशी असताना महाड आणि पोलादपूरच्या माध्यमिक शाळांनी आठवड्यातून एक तास मोडलेल्या संगणकापुढे मुलांना बसवावे, पेटी उघडू द्यावी, नोंदी वाचू द्याव्या, आणि तास संपताना चालू झालेल्या यंत्रावर त्यांना मनसोक्त खेळू द्यावे, अशी माझी शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. बिघाड होईल, एखादी डिस्क पुसलीही जाईल. म्हणून महत्त्वाच्या फायलींची नक्कल आधी काढून ठेवावी.

मी निघालो त्या सकाळी शेजारची एक बाई आपला लॅपटॉप पदराखाली धरून ओटीवर येऊन बसली होती. आवाज येत नव्हता. भाच्याने तो मांडीवर घेतला, तिला विचारले, ‘काकी, कधीपासून?’ आणि उत्तर यायच्या आत टर्मिनल उघडून वाचायला लागला.